डावीकडून एकदा, उजवीकडून एकदा

दादा, काल माझी तोंडी परीक्षा झाली. निकाल आधी सांगणार नाही. मी मॅट्रिकले होती तेव्हा पेपरात माझा नंबर पाहून तू मुकाट्यानं जेवायले बसला होता. पोटभर जेवला, हात धुतला, पान लावलं अन् मंग म्हणाला, "झाली वो पोट्टी पास." मी तुले मारायले धावली होती. आज माझी पाळी आहे. तूही थोडी कळ काढ.

तुले जाऊन महिनाही झाला नाही. लोक म्हणतात, कमल, रड, मोकळी हो. रडली ना मी, नाही असं नाही. तार आली तेव्हा कलकत्त्याच्या प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून रडली, हावड्यापासून दुर्गपर्यंत रडली. अन् घरी पोचल्यावर वहिनीनं सांगितलं, "काल माती झाली, बाई," तेव्हा पिशवी हातात घेऊन तशीच दारात बसली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भिलाईच्या कामगार कॅम्पातले लोक एकेक उठून तुझ्याबद्दल बोलले. मलेही म्हणाले, तू बोल, शिकलेली आहे. मी हात जोडून बसून राहिली. ते बोलणं आज करून राहिली आहे, आपल्या घरच्या बोलीत, जशी तुझ्याशी भांडत होती तशीच.

काल माझ्या समोर कोण बसलं होतं, ठाऊक आहे? तेच मोठे प्रोफेसर, ज्यांचे आकडे देशभरातले पोरं पुस्तकातून पाठ करतात, अन् ज्यांच्या आकड्यांशी माझे आकडे जुळत नाहीत. माझे आकडे तुझ्या सांगण्यावरून घेतलेले. ते खोटे ठरले असते तर माझी इतकी वर्षं पाण्यात गेली असती, त्याचं काही नाही, मी कुठेही मास्तरीण होऊन पोट भरलं असतं. पण तुझं सांगणंही खोटं ठरलं असतं, अन् तू आता उठून भांडायले येऊ शकत नव्हता. म्हणून मले काल हरायचं नव्हतं. वरून माझ्या मनात एक काटा होता. त्या अख्ख्या प्रबंधात तुझं नाव कुठेच नव्हतं. ते कसं झालं तेही सांगते. पण क्रमानं.

आपल्या घरानं दीक्षा घेतली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा भिलाईले आली. नागपूरच्या वसतिगृहातून मोठ्या ऐटीत आली होती, म्हटलं दादाचा कारखाना पाहू. कुठला कारखाना! नजर जाईल तिथपर्यंत लाल मुरूम, तंबू, अन् चुन्यानं पांढऱ्या केलेल्या खुंट्या. मी विचारलं, "रस्ता कुठे आहे?" तू म्हणाला, "अवो, रस्त्यावरच तर उभी आहे तू." मी पायाखाली पाहिलं. एक गिरगिट होता. तुले मात्र सगळं दिसून राहिलं होतं. इथे रेल्वेचा फाटा, तिथे भट्टी, तिकडे घरांचे सेक्टर, शाळा, दवाखाना. मले वाटलं, उन्हानं माझ्या भावाचं डोस्कं फिरलं.

तेव्हा तू खलाशी होता. सर्व्हे करणाऱ्या साहेबासाठी लाल-पांढरी पट्टी उभी धरणारा, साखळी ओढणारा. कोन मोजायचं थिओडोलाइट, ज्याले तुम्ही सगळे नुसतं मशीन म्हणता, त्याले हात लावायची तुले परवानगी नव्हती. पण तू पाहून पाहून शिकला. साहेब पंधरा दिवस तापानं पडला तेव्हा सगळ्या टोळीत मशीन लावता येणारा एकटा तूच निघाला. त्या दिवसापासून काम सर्व्हेअरचं, अन् ठेकेदाराच्या कागदावर नाव खलाशाचं, असंच चालत राहिलं. तू म्हणत होता, कागद काय पाहतं, खुंटी पाहाय.

अन् खुंटी पाहिलीच सगळ्या दुनियेनं. भट्टी पेटली, पहिलं लोखंड वाहिलं, त्या दिवशी तू नवा सदरा घालून मले घेऊन गेला. सगळे त्या लाल धारेकडे पाहून राहिले होते अन् तू खाली जमिनीकडे बोट दाखवून ओरडत होता, "याच्या मधातली खुंटी माझी आहे! माझी!" बाजूच्या रशियन साहेबाले काही समजलं नाही, तरी त्यानं तुझा हात धरून गदगदा हलवला. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. तू म्हणाला, धुरानं आलं. बरं, धुरानं.

मंग मी कलकत्त्याले गेली. मी काय करते हे तू प्रत्येक सुटीत विचारायचा अन् मी टाळायची. एकदा आंगणात बाजेवर बसून नीट सांगितलं. अणूच्या मधात एक गाभा असतो, इतका लहान की कोणत्याच भिंगातून दिसत नाही. त्यावर आम्ही प्रोटॉन सोडतो, तेही तसेच बारीक कण. धातूच्या पातळ पत्र्यातून ते पार होतात. बहुतेक सरळ जातात, काही वाकडे होतात. कोणत्या कोनावर किती वाकडे गेले ते मोजायचं. त्या मोजणीवरून गाभा केवढा आहे, कसा आहे, ते काढायचं.

मले वाटलं, तू आता म्हणशील, हे कायले करता? तू बिडी विझवली अन् म्हणाला, "म्हणजे आमचंच काम आहे. जिथं जाता येत नाही, तिथली जागा कोनावरून काढायची." दादा, मी दोन वर्षं इंग्रजी पुस्तकं वाचून राहिली होती, पण माझं काम मले इतक्या सोप्या शब्दांत कोणी सांगितलं नव्हतं.

पण तेवढ्यावर थांबेल तो तू कसला! लगेच विचारलं, "मंग त्या गाभ्याची हद्द कुठे आहे?" मी म्हटलं, तशी हद्द नसते. मधात दाट असतो, काठाकडे विरळ विरळ होत जातो. तू चिडला. "असं कुठं राहते का? जागा आहे तर हद्द आहे. खुंटी मारता येत नाही ती कायची जागा?" मी म्हटलं, मंग सुपेल्याच्या बाजाराची हद्द दाखव. तू स्वतः खुंट्या मारल्या ना तिथं? तर तू उठून उभाच राहिला. सुपेल्याच्या दुकानदारांनी तुझ्या खुंट्यांवर पाल टाकले होते, एकानं तर तुझ्या खुंटीले बकरी बांधली होती. "ती चोरी आहे," तू म्हणाला, "ती हद्द नाही असं होत नाही." हे भांडण तीन उन्हाळे चाललं. ते मिटलं नाही. मी अजूनही म्हणते, हद्द नसते. बोल आता.

मागच्या उन्हाळ्यात मात्र मी भांडायच्या हालतीत नव्हती. माझे आकडे जुळत नव्हते. मोठ्या कोनांवर ठीक, पण लहान कोनांवर आले की गणितापेक्षा कितीतरी जास्त कण निघायचे. आमचे सर म्हणायचे, मोठ्या प्रोफेसरांच्या आकड्यांतही तो उंचवटा आहे, म्हणजे तो खराच असेल, गाभ्याचाच काही गुण असेल, तसं लिही अन् मोकळी हो. मी ते लिहू शकत नव्हती. त्या उंचवट्यासाठी गाभ्याले जो आकार द्यावा लागत होता, तो मोठ्या कोनांवरच्या मोजणीत बसतच नव्हता. सरांनी सांगून टाकलं, सहा महिन्यांत लिहून दे, नाहीतर जागा दुसऱ्याले जाईल.

वहिनी बासी, रात्री पाण्यात भिजवलेला भात, वाढत होती, कांदा फोडून. मी ताटाकडे पाहिलंही नाही. तू विचारलं, "कोन कुठून मोजता? तुमचा शून्य कोणी ठरवला?" मी म्हटलं, कण ज्या नळीतून येतात तिच्या मधातून शून्य. पत्रा ज्या गोल डब्यात ठेवतो त्याच्या कडेवर तो कोरलेलाच आहे. "अन् ते कण नळीच्या बरोबर मधातूनच येतात, हे कोणी पाहिलं?"

"कोणी पाहायची गरज नाही," मी म्हटलं.

"डावीकडून मोजलं का?"

"डावीकडे डब्यातली हवा ओढणाऱ्या पंपाचा पाइप आहे. सगळे उजवीकडूनच मोजतात."

"म्हणजे एकाच बाजूनं पाहता? बाप्पा! इतके शिकलेले लोक, अन् एकाच बाजूनं?"

अन् मंग मी ते बोलली. "तुले काय समजते त्यातलं, दादा? माझे सर विलायतेतून शिकून आले. तू खलाशी आहे."

वहिनीच्या हातातला वाडगा तसाच राहिला. मले तर वाटलं जमीन फाटावी अन् मी आत जावं. पण तू हसला. कसा हसला काय माहीत. म्हणाला, "खलाशी आहे म्हणूनच सांगतो. बस."

मंग तू ती गोष्ट सांगितली, जी कोणालेच सांगितली नव्हती. मशीन हातात आलं त्याच वर्षाची. एका शेडच्या खांबांसाठी सिमेंटच्या पायात बोल्ट रोवायचे होते. रीत अशी की कोन एकदा वाचायचा, मंग दुर्बीण पालथी करायची, मशीन अर्धं फिरवायचं अन् तोच कोन दुसऱ्या बाजूनं पुन्हा वाचायचा. दोन्हीचा मध्य तो खरा. मशीन वाकडं असलं तर एका बाजूले जितकं खोटं बोलतं तितकंच दुसऱ्या बाजूले उलटं बोलतं, अन् दोन्ही खोटं एकमेकाले खाऊन टाकतात. त्या दिवशी दुपार तापली होती, टोळी भुकेली होती, अन् तू एकाच बाजूनं वाचून "टाका सिमेंट" म्हणून मोकळा झाला. आठ दिवसांनी खांब आले तर बसेचनात. चार बोटं फरक. तो सगळा पाया छिन्नी-घणानं फोडावा लागला. फोडणाऱ्यांत तू होता, स्वतःहून. "साहेबानं चूक आपल्या अंगावर घेतली," तू म्हणाला, "तवापासून शून्य देवानं जरी कोरून देला, तरी मी दोन्हीकडून वाचतो. माझ्या घरच्यांनाही ठाऊक नाही हे."

"मले माहीत होतं," वहिनी चुलीपासून बोलली. "हाताले फोड कायचे आले होते मंग? मशीनचे?"

आपण तिघं किती हसलो, दादा! मी हसता हसता बासी खाल्ली, अन् दुसऱ्यांदा मागून घेतली.

कलकत्त्याले जाऊन मी सरांना म्हटलं, पाइप काढायचा आहे. सर म्हणाले, वेड लागलं का? यंत्र तीन आठवडे बंद राहील. मी म्हटलं, राहू द्या. रोज जाऊन म्हटलं. शेवटी कंटाळून हो म्हणाले. मिस्त्रीनं अन् मी तो पाइप खालून वळवून घेतला. मंग डब्यात हवा शिरायले लागली, ती कुठून शिरते ते शोधण्यात आणखी दिवस गेले. पण एक दिवस डावी बाजू मोकळी झाली. मी मोजणारं यंत्र उजवीकडे वीस अंशांवर ठेवलं, मोजलं. मंग डावीकडे वीस अंशांवर ठेवलं, मोजलं. दोन्ही सारखे यायले पाहिजेत ना? गाभ्याले काय डावं अन् काय उजवं! उजवीकडे डावीच्या दीडपट आले. दीडपट, दादा!

शून्य वाकडा होता. फक्त एक अंश. कण पळवणाऱ्या यंत्राच्या भल्या मोठ्या चुंबकाची ओढ नळीतही थोडी पोचत होती, कण जरासे वळून येत होते, अन् आम्ही सगळे नळीच्या मधाले शून्य समजून बसलो होतो. लहान कोनांवर एका अंशाची चूक म्हणजे पाचवा हिस्सा इकडचा तिकडे. मी दोन्ही बाजू घेतल्या, शून्य सरकवला अन् कागदावर ठिपके मांडत गेली. डावीकडचे अन् उजवीकडचे एकावर एक बसले. उंचवटा गायब! गणिताची रेघ सगळ्या ठिपक्यांमधून अशी गेली, अशी गेली, की मी खुर्चीवर चढून ओरडली. मिस्त्री धावत आला, त्याले वाटलं विजेचा झटका बसला. त्या रेघेतून गाभ्याचा आकार निघाला, काठ किती विरळ होतो तेही निघालं. जिथं कोणी जाऊ शकत नाही तिथली जागा तुझ्या बहिणीनं मोजली होती.

तुले कार्ड टाकलं, "दादा, तुझं खरं निघालं." वहिनी सांगते, ते कार्ड तू खिशात घेऊन फिरला, वाचता येणाऱ्याले वाचायले लावलं अन् न येणाऱ्याले स्वतः वाचून दाखवलं.

आता तो काटा. प्रबंधाच्या सुरुवातीले आभाराचं पान असते. तिथं मी तुझं नाव टाकलं होतं, काय केलं तेही लिहिलं होतं. सरांनी पेन्सिलीनं रेघ मारली. म्हणाले, घरचे लोक आईवडिलांपुरते ठीक, भावानं मोजायची पद्धत सांगितली असं वाचून परीक्षक हसतील, कामाची किंमत जाईल. अन् मी, एवढ्या तोंडाची मी, गप बसली. ते पान बिना तुझ्या नावाचं टाइप झालं.

डिसेंबरात मी घरी आली तेव्हा तू सहज विचारलं, "माझं नाव-गाव नाही ना टाकलं त्यात? हसतील लोक तुले." मी म्हटलं, "नाही टाकलं." तू म्हणाला, "शहाणी आहे." अन् बाजेची दोरी कसायले लागला. ती दोरी ढिली नव्हती, दादा. मी पाहिली होती. मी तेव्हाच म्हणायले पाहिजे होतं की टाकलं होतं, खोडलं, अन् मी खोडू दिलं. म्हटलं पुढच्या वेळी सांगू. पुढच्या वेळी तार आली.

तर काल. टेबलाच्या पलीकडे ते मोठे प्रोफेसर, बाजूले आमचे सर अन् आणखी दोघं. बोलणं सगळं इंग्रजीत, मी तुले मराठीत सांगते. प्रोफेसरांनी अर्धा तास इकडचं तिकडचं विचारलं, मंग तेच पान उघडलं.

"हे लहान कोनांचे आकडे. माझे छापलेले आकडे यापेक्षा पुष्कळ जास्त आहेत. दोघांतला एक चूक आहे. कोण?"

सर खाकरले. मी उभी राहून फळ्यावर सगळं काढलं. नळी, चुंबक, वळणारे कण, डावी बाजू, उजवी बाजू. शेवटी म्हटलं, "सर, तुमच्याकडे डाव्या बाजूनं मोजलं होतं का?"

टेबलाखाली आमच्या सरांनी पाय इतक्या जोरात आपटला की पाण्याचा ग्लास हलला. प्रोफेसरांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

"नाही," ते म्हणाले. "डावीकडे आमचाही पंप आहे." अन् मंग हसायले लागले, दादा, मनापासून, पोट हलेपर्यंत. "इतकी वर्षं! आणि एकानंही विचारलं नाही! तुम्हाला हे कोणी शिकवलं?"

आमच्या सरांनी तोंड उघडलं. त्यांच्या आधी मी बोलली. "माझ्या भावानं."

"ते भौतिकशास्त्रात आहेत?"

"नाही सर. भिलाईचा कारखाना उभा राहिला तिथं जमीन मोजत होते. गेल्या महिन्यात वारले."

कोणीच हसलं नाही, दादा. सर ज्याले घाबरले होते ते झालंच नाही. प्रोफेसरांनी बाकीच्यांकडे पाहिलं, मान हलवली, अन् उभं राहून माझ्याशी हात मिळवला. मी पास झाली. घे, सांगितलं. आपल्या घरातली पहिली डॉक्टरीण, बिना दवाखान्याची. कॅम्पात सांगायले तू पाहिजे होता. सगळ्यांना दुपारच्या झोपेतून उठवलं असतं तू. वहिनीले तार केली आहे, ती तुझ्याइतकं ओरडणार नाही, पण ओरडेल.

मी कागद गोळा करून निघाली तर प्रोफेसरांनी थांबवलं. खिशातून स्वतःची वही काढली अन् म्हणाले, "भावाचं पूर्ण नाव सांगा."

मी म्हटलं, "सर, प्रबंधात मी आजच टाइप करून घालते. तुम्ही कशाला तसदी घेता?"

"तुम्ही घालाच," ते म्हणाले. "पण मला वेगळ्या कारणासाठी हवं आहे. माझे आकडे छापलेले आहेत. ते चुकले हे मला आता छापावं लागेल. आणि ती चूक कोणामुळे सापडली, तेही."

मी तुझं नाव सांगितलं. मंग बाबाचं, मंग आडनाव. ते एकेक अक्षर विचारून लिहीत गेले. लिहून झाल्यावर वही माझ्याकडे फिरवली अन् म्हणाले, "बघा, बरोबर आहे ना?"

बरोबर होतं.